कंचेभागुबेव यंत्राला कोणी शिकविले?

किराणा दुकानात गल्ल्याशेजारी पडलेला साधा कॅल्क्युलेटर घ्यावा, त्यावर दोन, अधिक, तीन, गुणिले, चार अशी बटणे याच क्रमाने दाबून शेवटी बरोबरचे चिन्ह दाबावे, म्हणजे बहुधा २० हे उत्तर उमटते. आणि तीच बटणे त्याच क्रमाने अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याजवळील कॅल्क्युलेटरवर अथवा हल्लीच्या मोबाइलवर दाबली, तर उत्तर येते १४. दोन्ही यंत्रे धड आहेत, दोहोंना बेरीज-गुणाकार येतो, आणि तरीही एकाच प्रश्नाला ती दोन उत्तरे देतात. शाळेतल्या मुलाला विचारावे, तर तो क्षणाचाही विलंब न लावता ‘कंचेभागुबेव’ म्हणून मोकळा होईल : आधी कंस, मग ‘चे’, मग भागाकार, गुणाकार, आणि सरतेशेवटी बेरीज व वजाबाकी, तेव्हा तीन चोक बारा, त्यांत दोन मिळवून चौदा. दुकानातल्या यंत्राला हे सूत्र ठाऊक नसते. पुढ्यात येईल ते काम ते जागच्या जागी उरकते : दोन आणि तीन पाच, पाच चोक वीस. दुसरे यंत्र मात्र ‘दोन अधिक तीन’ एवढे ऐकून घाई करीत नाही. पुढे काय येते ते पाहण्यासाठी ते थांबते.

हे थांबणे यंत्राला कोणी शिकविले? याचे उत्तर एका नावात संपणारे नाही. परंतु गणिताचे सूत्र माणसाने आपल्या वहीत लिहावे तसेच लिहावे, आणि ते यंत्राच्या हुकुमांत उतरविण्याची सारी कारकुनी यंत्रानेच करावी, ही व्यवस्था ज्यांनी रोजच्या वापरात आणून दाखविली, त्यांत अग्रभागी नाव येते ते जॉन बॅकस या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाचे. १९५७ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगापुढे ठेवलेल्या भाषेचे नाव फोर्ट्रान. सूत्र आणि भाषांतर या अर्थांच्या दोन इंग्रजी शब्दांचे आरंभीचे तुकडे जोडून ते तयार झाले आहे.

यंत्राला केवळ हुकूम समजतात

संगणकाच्या स्मृतीची कल्पना करावयाची, तर जुन्या कचेरीच्या दप्तरखान्यात भिंतभर लावलेले आणि क्रमांक रंगविलेले कप्पे डोळ्यांपुढे आणावेत. एका कप्प्यात एकच आकडा. समोर मेजाशी एक कारकून बसलेला. त्याच्या ठायी शहाणपण नाही, पण हुकूम तंतोतंत आणि विलक्षण वेगाने पाळण्याची शिस्त आहे. या कारकुनाला ‘अ मध्ये ब आणि क यांचा गुणाकार मिळव’ असे सांगून चालत नाही. त्याला सांगावे लागते : १०२ क्रमांकाच्या कप्प्यातील आकडा मेजावर आण, त्याला १०३ मधील आकड्याने गुण, येईल त्यात १०१ मधील आकडा मिळव, उत्तर १०४ मध्ये ठेवून दे. एका ओळीच्या सूत्रासाठी हे चार हुकूम, आणि तेही शब्दांत नव्हेत, सांकेतिक आकड्यांत.

विमानाच्या पंखावरील हवेचा दाब काढावयाचा, तर अशा हुकुमांची संख्या हजारांत जाते. मध्येच एक हुकूम विसरला आणि तो घालावा म्हटले, की पुढच्या सर्व हुकुमांचे क्रमांक सरकतात, आणि त्या क्रमांकांचा उल्लेख जेथे जेथे केला असेल तेथे तेथे दुरुस्ती करावी लागते. १९५० च्या सुमारास हे काम करणारी माणसे मोजकी होती, आणि बॅकस त्यांना पुरोहितवर्गाची उपमा देत असत, कारण आपली विद्या सामान्यांच्या हाती जाणे शक्य नाही अशी त्यांची मनोमन खात्री होती. खर्चाचा हिशेब मात्र निराळेच सांगत होता. आज्ञावल्या लिहिणाऱ्यांचे वेतन यंत्राच्या खर्चाइतकेच भरत होते, आणि यंत्राचाही पाव ते निम्मा वेळ त्या आज्ञावल्यांतील चुका शोधण्यात जात होता. म्हणजे संगणक चालविण्याच्या एकूण खर्चातील पाऊण हिश्शापर्यंतचा भाग प्रत्यक्ष गणितावर नव्हे, तर गणित यंत्राला समजावून सांगण्यावर पडत होता.

अनेकदा नापास झालेला विद्यार्थी

या पाऊण हिश्शाकडे ज्याचे लक्ष गेले, त्या माणसाच्या पूर्वायुष्यात पुढील कीर्तीची चाहूल देईल असे फारसे काही सापडत नाही. ३ डिसेंबर १९२४ रोजी फिलाडेल्फिया येथे जन्मलेले बॅकस सुस्थितीतील घरात वाढले, शाळेत वर्षानुवर्षे नापास होऊन उन्हाळी वर्गांत ती कसर भरून काढीत राहिले, आणि पुढे व्हर्जिनिया विद्यापीठात रसायनशास्त्राला गेल्यावर आठवड्यातून एकदा भरणाऱ्या संगीताच्या तासाखेरीज कोठेही फिरकेनासे झाल्यामुळे त्यांचे नाव तेथून कमी करण्यात आले. सैन्यात असताना डोक्याच्या हाडात गाठ आढळून शस्त्रक्रिया झाली आणि कवटीत धातूची पट्टी बसवावी लागली. मग काही महिने वैद्यकाचा अभ्यास झाला. तेथे विचाराला वाव नाही, सारे पाठांतरच आहे, असे म्हणून तोही सोडला.

अखेर न्यूयॉर्कमध्ये रेडिओ दुरुस्तीच्या शाळेत ते दाखल झाले, आणि माझ्या मते त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली ती याच साध्या शाळेत. तेथील शिक्षकाने एका ध्वनिवर्धक मंडलाच्या आलेखासाठी आकडेमोड करण्यास त्यांची मदत घेतली. काम कंटाळवाणे होते, एकेका बिंदूसाठी पुष्कळ गणित करावे लागे. पण त्या आकडेमोडीच्या मागे असलेल्या गणिताची त्यांना गोडी लागली, आणि त्या ओढीने ते कोलंबिया विद्यापीठात गणित शिकावयास गेले. आकडेमोडीचा कंटाळा आणि गणिताची ओढ, हे दोन्ही त्यांना एकाच वेळी भेटले, आणि पुढच्या साऱ्या कार्याचे बीज मला या जोडीत दिसते.

१९४९ साली ते न्यूयॉर्कमधील आय.बी.एम. कंपनीच्या कचेरीत सहज डोकावले. तेथे तळमजल्यावर, रस्त्याने जाणाऱ्यांनाही काचेतून दिसेल असा, हजारो निर्वात नळ्यांचा एक प्रचंड गणकयंत्र-संच मांडलेला होता. यंत्र दाखविणाऱ्या बाईंना त्यांनी आपण नोकरीच्या शोधात असल्याचे सांगितले. अंगावरचे कपडे मळकट आणि अव्यवस्थित असल्यामुळे ते साहेबापुढे जाण्यास संकोचत होते; परंतु बाईंनी आग्रह धरला, वर गेल्यावर काही कोडी सोडवावयास दिली गेली, ती सुटली, आणि बॅकस नोकरीत रुजू झाले.

दुभाष्या आणि तर्जुमा

त्यांचा पहिला प्रयत्न १९५३ चा. आय.बी.एम.च्या ७०१ या यंत्रासाठी त्यांनी ‘स्पीडकोडिंग’ नावाची सोय केली, आणि तिचे स्वरूप दुभाष्यासारखे होते. न्यायालयात साक्षीदार आपल्या बोलीत एक वाक्य बोलतो आणि दुभाष्या ते न्यायाधीशांस सांगतो. साक्षीदाराने तेच वाक्य शंभर वेळा उच्चारले, तर दुभाष्यालाही शंभर वेळा तोंड उघडावे लागते. आज्ञावली लिहिणाऱ्याचे श्रम यामुळे खूप हलके झाले, पण प्रत्येक हुकूम प्रत्येक वेळी नव्याने उलगडावा लागत असल्याने यंत्राची गती मंदावली.

दुसरा मार्ग तर्जुम्याचा. एखाद्या दस्तऐवजाचा तर्जुमा एकदा नीट करून ठेवला, की मूळ भाषा जाणणाऱ्याची गरज उरत नाही. तो कागद हवा तितक्या वेळा वापरावा. संगणकाच्या क्षेत्रात असा तर्जुमा करणाऱ्या आज्ञावलीला कंपायलर म्हणतात. ही कल्पना एकट्या बॅकस यांची नव्हे. ग्रेस हॉपर यांनी १९५२ च्या सुमारास या वाटेवर पाऊल टाकले होते, आणि एम.आय.टी.मधील लॅनिंग व झिअर्लर यांनी बीजगणितातील सूत्रे स्वीकारणारा अनुवादक प्रत्यक्ष चालवून दाखविला होता. मात्र या अनुवादकाने तयार केलेली आज्ञावली कसबी माणसाने हाताने लिहिलेल्या आज्ञावलीच्या मानाने सुमारे दसपट संथ चालत असे, आणि यंत्राच्या एकेका तासाचा दर पाहता दसपट संथ म्हणजे निरुपयोगीच. पुरोहितवर्गाचा आक्षेपही हाच होता : भाषांतर होईल, पण त्यात मूळची धार राहणार नाही.

डिसेंबर १९५३ मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, बॅकस यांनी आपले वरिष्ठ कथबर्ट हर्ड यांना पत्र लिहून नव्या ७०४ यंत्रासाठी असा अनुवादक रचण्याची परवानगी मागितली, ज्याचे काम हाताने लिहिलेल्या आज्ञावलीच्या तोडीस तोड उतरेल. मंजुरी मिळाली. हळूहळू लहानसा गट जमला : अर्विंग झिलर, हार्लन हेरिक, रॉबर्ट नेल्सन, पीटर शेरिडन, रॉय नट, शेल्डन बेस्ट, नुकतीच महाविद्यालयातून बाहेर पडलेली लोइस हेट आणि आणखी काही. काम केव्हा संपेल असे कोणी विचारले, की सहा महिन्यांची मुदत सांगितली जाई, आणि ती मुदत जवळपास तीन वर्षे तशीच पुढे सरकत राहिली. रात्री यंत्र मोकळे मिळे, म्हणून जवळच्या एका हॉटेलात खोल्या घेऊन ही मंडळी दिवसा झोपत आणि रात्री काम करीत.

कंसांची कृती

आता आरंभीच्या कोड्याकडे वळू. ‘अ + ब × क’ या सूत्रात गुणाकार आधी करावयाचा, हे यंत्राला कसे कळावे? फोर्ट्रानच्या कर्त्यांनी योजलेली युक्ती इतकी सुंदर आहे, की ती प्रत्येकाने एकदा कागद-पेन्सिल घेऊन स्वतः करून पाहावी. कंचेभागुबेव या सूत्रात कंसाचा मान पहिला आहे, आणि कंसात असेल ते आधी सोडवावे एवढे यंत्राला शिकविणे सोपे आहे. तेव्हा अग्रक्रमाचा सगळा प्रश्नच कंसांचा करून टाकावा!

चौकट : यंत्राची कृती

बेरीज किंवा वजाबाकीचे चिन्ह दिसले, की त्याच्या डावीकडे दोन मिटणारे आणि उजवीकडे दोन उघडणारे कंस घालावेत. गुणाकार किंवा भागाकाराचे चिन्ह दिसले, की डावीकडे एक मिटणारा आणि उजवीकडे एक उघडणारा कंस घालावा. सूत्राच्या आरंभी दोन उघडणारे आणि शेवटी दोन मिटणारे कंस जोडावेत. मुळात कंस असतील, तर त्यांच्या आतील बाजूसही तसेच दोन-दोन वाढवावेत.

२ + ३ × ४ याचे रूप होते : ((२))+((३)×(४))

अर्थ न समजता केलेल्या या नकलेतून काय निष्पन्न झाले ते पाहावे. दोन हा आकडा आपल्या कंसांत एकटा बंद झाला. तीन आणि चार मात्र एकाच बाहेरच्या कंसात सापडले. आता सर्वांत आतल्या कंसापासून बाहेर येत गेले, की गुणाकार आपोआप आधी आणि बेरीज मागाहून होते. यंत्राला ‘गुणाकार श्रेष्ठ’ हे तत्त्व उमगले असे नव्हे. बेरजेच्या चिन्हाभोवती दोन भिंती आणि गुणाकाराच्या चिन्हाभोवती एकच, एवढ्या रचनेमुळे गुणाकाराची घरे एकमेकांच्या अधिक जवळ राहिली. माणसाचे ज्ञान यांत्रिक कृतीत कसे उतरविता येते, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

सराईत वाढपी

सूत्र उलगडले तरी वेगाचा प्रश्न उरतोच, आणि बॅकस यांच्या गटाची खरी तपश्चर्या तेथे झाली. शास्त्रीय गणितात आकड्यांचे मोठमोठे तक्ते असतात आणि त्यांतील प्रत्येक आकड्यावर तेच काम पुनःपुन्हा करावयाचे असते. शंभर पानांची पंगत बसली आहे असे समजा. अगदी नवखा वाढपी सत्ताविसाव्या पानावर वाढण्यासाठी दारापासून एक, दोन, तीन असे मोजीत जाईल, आणि अठ्ठाविसाव्यासाठी पुन्हा दारापासून मोजू लागेल. सराईत वाढपी आधीच्या पानावरून एक पाऊल पुढे सरकतो, आणि काम होते. तक्त्यातील आकड्याचा कप्पा शोधताना दर वेळी गुणाकार करून त्याचा क्रमांक काढणे हा नवख्याचा मार्ग. मागच्या क्रमांकात ठराविक भर घालणे हा सराइताचा. नेल्सन आणि झिलर यांनी रचलेला अनुवादकाचा भाग हे हेरून पहिल्या मार्गाचे रूपांतर दुसऱ्यात करीत असे.

ही पावले मोजण्यासाठी ७०४ यंत्रात केवळ तीन खास जागा होत्या. ओट्यावर तीनच भांडी मावत असतील, तर कोणती जवळ ठेवावीत आणि कोणती फडताळात परत टाकावीत, याचा निर्णय जाणत्या गृहिणीला करावा लागतो, आणि त्यासाठी कोणते भांडे वारंवार लागते हे ठाऊक असावे लागते. म्हणून लोइस हेट यांच्या भागात, तयार होत असलेली आज्ञावली जणू फासे टाकून काल्पनिकरीत्या चालवून पाहिली जाई आणि कोणत्या वाटेने किती वेळा जावे लागेल त्याचा अंदाज बांधला जाई. त्या अंदाजावरून तीन जागांची वाटणी करण्याचे काम शेल्डन बेस्ट यांच्या भागाकडे होते. पुढे आपल्याच अनुवादकाने काढलेले हुकूम वाचताना ही मंडळी चकित होत, कारण त्यात अशा क्लृप्त्या सापडत ज्या स्वतः लिहिताना त्यांना सुचल्या नसत्या.

एक स्वल्पविराम

एप्रिल १९५७ मध्ये वेस्टिंगहाउस कंपनीच्या पिट्सबर्ग येथील बेटिस प्रयोगशाळेत, जेथे अणुभट्ट्यांच्या आराखड्याचे काम चाले, छिद्रे पाडलेल्या पत्त्यांची एक पेटी येऊन पडली. सोबत चिठ्ठी नाही, माहितीपत्रक नाही. हा बहुधा तोच बहुप्रतीक्षित अनुवादक असावा, असा तर्क करून तेथील लोकांनी पत्ते यंत्रात घातले आणि आपली एक छोटी आज्ञावली त्याला दिली. यंत्र काही काळ चालले आणि त्याने एक निदान छापले : अमुक ओळीत स्वल्पविराम राहिला आहे. ओळ तपासली, खरोखरच राहिला होता. तो घालून पत्ता बदलला, आज्ञावली पुन्हा दिली, आणि या खेपेस यंत्राने उत्तरांची २८ पाने छापून टाकली.

पूर्वी अशी चूक निमूटपणे चुकीचे उत्तर देऊन जाई आणि ती शोधण्यात दिवस मोडत. आता यंत्र स्वतः बोट ठेवून चूक दाखवीत होते. फोर्ट्रान शिकणे अवघड नव्हते. ऐंशी घरांच्या पत्त्यावर पहिली पाच घरे ओळीच्या क्रमांकासाठी, सहावे घर मागील ओळ पुढे चालू असल्याच्या खुणेसाठी, आणि सूत्र सातव्या घरापासून बहात्तराव्यापर्यंत. एवढा रिवाज अंगवळणी पडला, की भौतिकशास्त्राचा साधा विद्यार्थीही स्वतःची आज्ञावली स्वतः लिहू शके.

भाषेचे व्याकरण

१९५९ साली पॅरिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत बॅकस यांनी आणखी एक वस्तू पुढे ठेवली, आणि तिचे मोल मी फोर्ट्रानहून कमी मानीत नाही. संगणकाच्या भाषा तोपर्यंत नेहमीच्या गद्यात वर्णिल्या जात, आणि गद्याचे दोन अर्थ निघत. बॅकस यांनी नियम लिहिण्याचीच एक नेमकी पद्धत सुचविली. संख्या म्हणजे काय? ‘संख्या म्हणजे एक अंक, किंवा आधी एक संख्या आणि तिच्यापुढे एक अंक.’ व्याख्येत तोच शब्द पुन्हा आला म्हणून दचकू नये. १९५७ ही संख्या कशावरून? तर १९५ ही संख्या आणि पुढे ७; १९५ कशावरून? १९ आणि ५. १९ म्हणजे १ आणि ९. आणि १ हा तर अंकच. एका ओळीचा नियम अगणित संख्यांना पुरून उरतो. याच रीतीने ‘बेरीज ही पदांची, आणि पद म्हणजे घटकांचा गुणाकार’ असे दोन नियम लिहिले, की कंचेभागुबेवचा अर्धा भाग व्याकरणातच सामावतो. डेन्मार्कचे पीटर नाउर यांनी ही पद्धत परिष्कृत करून आल्गोल ६० या भाषेच्या वर्णनात वापरली, आणि ती दोघांच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

१९६७ साली पीटर इंगरमन यांनी अमेरिकेतील एका संगणकविषयक नियतकालिकात पत्र लिहून, या पद्धतीला पाणिनीचेही नाव द्यावे अशी सूचना केली. आपल्याकडे या गोष्टीचा उल्लेख होतो तेव्हा अनेकदा तोल सुटतो, म्हणून नेमकेपणाने सांगणे इष्ट. दोन्ही पद्धती एकच नाहीत. पाणिनीचे नियम शेजारी कोणता वर्ण आहे ते पाहून बदल घडवितात : प्रति आणि एक जवळ आले, की पुढच्या स्वरामुळे ‘इ’चा ‘य्’ होऊन ‘प्रत्येक’ होते; बॅकस यांच्या नियमांत शेजाऱ्याची दखल नाही. परंतु थोड्या नियमांतून, सांकेतिक संज्ञा योजून, भाषेतील अगणित रूपे काटेकोरपणे निर्माण करावीत, हा प्रयत्न अष्टाध्यायीच्या सुमारे चार हजार सूत्रांत झालेला आहे, आणि त्याची ओळख दूरच्या एका संगणकतज्ज्ञाला पटली, एवढे निश्चित.

स्वतःच्याच कृतीवर टीका

१९७७ साली बॅकस यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. सन्मानाच्या व्याख्यानात माणूस आपल्या कार्याचा आढावा घेतो. बॅकस यांनी फोर्ट्रानसह साऱ्या प्रचलित भाषांवर कठोर टीका केली. त्यांचे म्हणणे असे, की या भाषा अजूनही त्या दप्तरखान्यातील कारकुनासारखाच विचार करतात. कप्प्यांच्या भिंतीपासून मेजापर्यंत एकच अरुंद वाट, आणि तिच्यातून एकेक आकडा नेणे-आणणे. यंत्राची ही अडचण आपण माणसाच्या विचारावरही लादली आहे.

किराण्याच्या यादीचा हिशेब घ्यावा. प्रचलित भाषेत सांगावे लागते : एकूण शून्य धर, पहिला जिन्नस घे, वजन आणि दर यांचा गुणाकार करून एकूणात मिळव, पुढचा घे, यादी संपेपर्यंत असेच कर. बॅकस म्हणत, याऐवजी इतकेच म्हणता यावे : वजने आणि दर यांच्या जोड्या लाव, प्रत्येक जोडीचा गुणाकार कर, सर्वांची बेरीज घे. येथे कप्पा नाही, मोजणी नाही. तीन क्रिया एकीपुढे एक गुंफल्या आहेत. या विचारावर त्यांनी रचलेली एफ.पी. ही भाषा फारशी वापरात आली नाही, पण या दिशेने विचार करण्यास त्या व्याख्यानाने अनेकांना उद्युक्त केले, आणि आजच्या बहुतेक भाषांत अशा गुंफणीला जागा मिळाली आहे. वयाच्या बावन्नाव्या वर्षी, ज्या कामाने कीर्ती दिली त्याचीच उणीव भर सभेत सांगण्याचे हे धैर्य मला फोर्ट्रानच्या यशाइतकेच आदरणीय वाटते.

१९९१ साली ते निवृत्त झाले आणि १७ मार्च २००७ रोजी ओरेगॉन राज्यातील ॲशलंड येथे त्यांचे निधन झाले. त्यांची भाषा तोवर जगभर पसरली होती. कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये १९६३ साली आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली परदेशी यंत्रे आली, तेव्हा त्यांवर काम करू पाहणाऱ्या आपल्याकडील विद्यार्थ्यांनी आणि संशोधकांनी जी भाषा गिरविली, ती फोर्ट्रानच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत मोसमी पावसाच्या अंदाजासाठी जी गणिती प्रारूपे चालविली जातात, त्यांचा मोठा भाग आजही फोर्ट्रानमध्येच लिहिलेला आहे.